आडनाव कुठवर साक्ष देते?

थळच्या शेजारी नवगाव आहे. जहाज फुटून आपले पूर्वज, सात पुरुष आणि सात स्त्रिया, याच किनाऱ्याला लागले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा. ते आले कुठून?

किहीमकर, रोहेकर, पेणकर ही आडनावे कोकणातला मुक्काम सांगतात, समुद्रापलीकडचा नाही. धर्मग्रंथ जहाजासोबत बुडाले, असे समाज सांगतो. उरला तो आचार: सुंता, ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना आणि शनिवारी बंद राहणारा तेलाचा घाणा. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले आणि कारण ठाऊक नसतानाही सर्वांत मोलाचा पुरावा नावातच जपला.

२०१६ च्या जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय, असे दोन्ही वंश आढळले. मात्र पॅलेस्टाइन, येमेन की इराण, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.