भूजैवरासायनिक चक्रे : नासिक परिसर

कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम इ. मूलद्रव्ये खडक, माती, पाणी, हवा व सजीव यांतून सतत फिरत असतात. या अभिसरणाच्या मार्गांस भूजैवरासायनिक चक्रे म्हणतात. सजीव सृष्टी ही पृथ्वीचे पृष्ठ घडविणारी एक भूवैज्ञानिक शक्ती आहे, हा विचार रशियन शास्त्रज्ञ व्हर्नाट्‌स्की यांनी जीवावरण (१९२६) या ग्रंथात मांडला. ब्रह्मगिरीपासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंतच्या गोदावरी खोऱ्यात या शक्तीचे कार्य व त्यात माणसाने केलेले फेरफार एकत्र पाहावयास मिळतात.

या खोऱ्याचा पाया बेसाल्ट खडकाचा असून तो सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला आहे. वनस्पतींची मुळे व सूक्ष्मजीव यांच्या श्वसनामुळे मातीतील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण बाहेरील हवेच्या अनेक पट होते. हा वायू पाण्यात विरघळून बनणारे सौम्य अम्ल बेसाल्टाला कुजविते. त्यातून काळी माती तयार होते. कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट नदीवाटे समुद्राकडे जातात आणि हवेतील कार्बनाचा काही अंश दीर्घकाळ बांधला जातो. बेसाल्टाची अशी झीज ग्रॅनाइटापेक्षा जलद होते.

नासिक येथे १९५०–५१ मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. शेतीबरोबर पिकातून निघून गेलेली द्रव्ये जमिनीला परत कशी द्यावयाची, हा प्रश्न आला. हरभरा, तूर यांसारख्या कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नायट्रोजन बांधतात. शेणखत उरलेली उणीव भरून काढी. मात्र शेण गोवऱ्या करून जाळले, की त्यातील नायट्रोजन हवेत जातो. १८९३ च्या आपल्या अहवालात व्होल्कर या इंग्रज कृषिरसायनज्ञाने या नुकसानीकडे लक्ष वेधले होते.

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पश्चिमेकडील अतिपावसाच्या भागात राबाची पद्धत रूढ झाली. ऐन व इतर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण रोपवाटिकेच्या जागेवर पसरून उन्हाळ्याच्या अखेरीस जाळतात व पहिल्या पावसानंतर तेथे भात, नागली किंवा वरई पेरतात. जाळण्यात नायट्रोजनाचा बराच भाग उडून जातो. परंतु पोटॅश, चुना व फॉस्फेट राखेत उरतात. उष्णतेने तणांचे बी मरते आणि मातीतील काही नायट्रोजन रोपांना घेता येईल अशा रूपात येतो. थोडक्यात, जंगलातील खनिजे मूठभर जमिनीवर आणून टाकण्याची ही युक्ती होती. तिला निव्वळ अडाणीपणा समजणे योग्य नव्हे; मात्र तिचा भार जंगलावर पडे, हेही खरे. १८७८ च्या वन कायद्यानंतर फांद्या तोडण्याच्या हक्कावरून सह्याद्रीच्या पट्ट्यात असंतोष वाढला. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या संदर्भात राब हा एक प्रमुख वादविषय होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो पुढील वर्षीच्या भाताचा प्रश्न होता.

विसाव्या शतकात चक्राचा आवाकाच बदलला. हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतील नायट्रोजनापासून अमोनिया बनविण्याची रीत सिद्ध केली. १९१३ पासून तिचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. खतासाठी रानाची गरज उरली नाही. द्राक्षबागा व कांद्याची शेते यांना गोणीतून नायट्रोजन, फॉस्फेट व पोटॅश मिळू लागले. पिकांबरोबर त्यांचा काही भाग दूरच्या बाजारपेठांत जातो, तर काही झिरपून विहिरींत व ओढ्यांत उतरतो. एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रात जळणारा दगडी कोळसा हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी बांधलेला कार्बन होय.

हे सारे नांदूर मध्यमेश्वर (ता. निफाड) येथे एकत्र येते. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांसाठी बंधारा बांधण्यात आला. गाळ साचून पाणथळ तयार झाले, पक्षी आले. १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले व जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. गाळाच्या कणांना फॉस्फेट चिकटून येते आणि नासिक शहराचे सांडपाणी त्यात भर घालते. शुद्धीकरणाने सेंद्रिय घाण बरीच कमी झाली, तरी विरघळलेली पोषकद्रव्ये पूर्णपणे निघत नाहीत. त्यांवर मूळची दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी (पाणवेली) पोसते. ती कुजू लागली, की पाण्यातील ऑक्सिजन घटतो, तळच्या चिखलातून मिथेन सुटतो आणि गाळात धरलेले फॉस्फेट पुन्हा पाण्यात येते. बाहेर काढलेली जलपर्णी काठावरच पडून राहिल्यास पहिल्या पावसाबरोबर तिच्यातील द्रव्ये नदीत परततात. तिचे कंपोस्ट करून शेतात घातल्यास ती जमिनीला मिळतात.