अलारम्स अँड एक्स्कर्शन्स

अलारम्स अँड एक्स्कर्शन्स हे भूमिकाखेळांना वाहिलेले अमेरिकेतील हौशी मासिक असून ते जून १९७५ मध्ये लॉस एंजेलिस येथे ली गोल्ड यांनी सुरू केले आणि एप्रिल २०२५ मध्ये ५९३व्या अंकानिशी बंद होईपर्यंत त्याची धुरा प्रामुख्याने त्यांच्याकडेच राहिली. भूमिकाखेळ, म्हणजे इंग्रजीत ज्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात तो, टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल व फासे यांच्या साहाय्याने खेळला जातो. त्यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन ते पात्र काय करते हे तोंडी सांगतो, सूत्रधार त्या पात्रांभोवतीचे जग, त्यातील माणसे व संकटे उभी करतो आणि ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तिचा निकाल फाशांवर सोपवला जातो. या खेळप्रकाराची घडण प्रकाशकांच्या नियमपुस्तकांनी जितकी केली तितकीच ती खेळणाऱ्यांनी आपापसांत टपालाने चालवलेल्या चर्चेने केली, आणि त्या चर्चेचे सर्वांत दीर्घायुषी व बहुधा सर्वांत मोकळे व्यासपीठ हे मासिक होते. त्याचे नाव एलिझाबेथकालीन इंग्रजी नाटकांतील एका रंगसूचनेवरून घेतलेले असून, पडद्यामागे रणवाद्ये वाजत असताना सैनिकांच्या तुकड्यांनी रंगमंचावरून धावाधाव करावी, असा त्या सूचनेचा आशय असतो.

प्रकाशनाच्या प्रकारानुसार हे मासिक ‘अ‍ॅपा’ या वर्गात मोडते. अमॅच्युअर प्रेस असोसिएशन या नावाची आद्याक्षरे घेऊन बनलेली ही संज्ञा अशा हौशी मंडळासाठी वापरतात, ज्याचा प्रत्येक सभासद स्वतःचे छोटे पत्रक स्वतः लिहितो व ते एका मध्यवर्ती व्यक्तीकडे पाठवतो. ती व्यक्ती आलेली सर्व पत्रके एकत्र टाचून त्यांचा गठ्ठा सर्वांना परत पाठवते. ही परंपरा अमेरिकेत जुनी आहे. नॅशनल अमॅच्युअर प्रेस असोसिएशन ही संस्था १८७६ साली स्थापन झाली, भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी आपल्या उमेदीच्या काळात अशाच मंडळांतून विपुल लेखन केले, आणि १९३७ साली फँटसी अमॅच्युअर प्रेस असोसिएशनच्या रूपाने ही पद्धत विज्ञानकथांच्या चाहत्यांनी आपलीशी केली. लॉस एंजेलिसमध्ये १९३४ पासून विज्ञानकथाप्रेमींचा जो क्लब चालत आला आहे, त्या लॉस एंजेलिस सायन्स फँटसी सोसायटीने १९६४ साली ‘अ‍ॅपा-एल’ नावाचे साप्ताहिक गठ्ठापत्र सुरू केले. दर आठवड्याच्या बैठकीला सभासदांनी आपापली पाने आणावीत व तेथेच ती जुळवून वाटावीत, अशी त्याची रीत होती. अलारम्स अँड एक्स्कर्शन्सचा जन्म याच क्लबात झाला.

त्याला निमित्त ठरला तो डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनी रचलेला हा खेळ विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथून टॅक्टिकल स्टडीज रूल्स या संस्थेने जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या स्वरूपात प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती केवळ हजार होत्या व किंमत दहा डॉलर होती. मुखपृष्ठावर खेळाचे वर्णन मध्ययुगीन, अद्भुत युद्धखेळांचे नियम असे केलेले होते, भूमिकाखेळ हा शब्द त्यावर नव्हता. युद्धखेळ म्हणजे छोट्या प्रतिमा व नकाशे यांच्या आधारे लढाया मांडण्याचा खेळ, आणि तो आधीपासून जाणणाऱ्यांसाठीच या पुस्तिका लिहिलेल्या असल्याने त्यांत अनेक गोष्टी गृहीत धरल्या होत्या, काही संदिग्ध होत्या, तर काही सांगायच्याच राहून गेल्या होत्या. परिणामी प्रत्येक शहरातील मंडळीने ती भगदाडे आपापल्या परीने बुजवली. पॅसाडीना येथील कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ‘वॉरलॉक’ नावाची स्वतःची नियमावलीच तयार केली. एकाच नावाचा खेळ गावोगावी वेगवेगळ्या तऱ्हेने खेळला जाऊ लागला, ही गोष्ट प्रकाशकाला अडचणीची असली तरी खेळाच्या वाढीला ती अत्यंत पोषक ठरली.

क्लबच्या सभासदांत या खेळाचे वेड इतके वाढले की अ‍ॅपा-एलची पाने तळघरांतील मोहिमा, राक्षस व जादूचे मंत्र यांनी भरू लागली आणि ज्यांना खेळात रस नव्हता त्यांची कुरबुर सुरू झाली. तेव्हा क्लबातील एक जुने कार्यकर्ते ब्रूस पेल्झ यांच्या सूचनेवरून या विषयासाठी स्वतंत्र गठ्ठापत्र काढण्याचे काम ली गोल्ड यांनी अंगावर घेतले. विज्ञानकथाप्रेमी मंडळांत विकसित झालेल्या, ‘फिल्क’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गीतप्रकाराच्या त्या रचनाकार होत्या. पुढे त्यांनी जपानच्या पार्श्वभूमीवरील लँड ऑफ द रायझिंग सन (१९८०) आणि लँड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर (१९८३) हे भूमिकाखेळही रचले. युद्धखेळांचे विश्व त्या काळी जवळजवळ संपूर्णपणे पुरुषांचे होते, विज्ञानकथेच्या चाहत्यांत मात्र स्त्रियांचा वावर बराच होता. या नव्या खेळाचे पहिले मोठे चर्चापीठ एका स्त्रीच्या हाती राहिले आणि ते युद्धखेळांच्या नव्हे तर विज्ञानकथेच्या परंपरेतून आले, ही बाब इतिहासकारांनी जेवढी नोंदवायला हवी तेवढी दीर्घकाळ नोंदवली गेली नाही.

मासिकाची निर्मितीप्रक्रिया समजून घेतल्याशिवाय त्यातील मजकुराचे स्वरूप उमगत नाही. आरंभीच्या काळात लेखक आपला मजकूर मेणाचा लेप असलेल्या स्टेन्सिलवर टंकित करत असे, टंकाच्या आघाताने मेण दूर होऊन अक्षरे कोरली जात, आणि ती स्टेन्सिल सायक्लोस्टाइल यंत्राच्या फिरत्या रुळावर चढवली की अक्षरांतून शाई झिरपून कागदावर उमटे. लेखकाने आपल्या पानांच्या छपाईचा वाटा उचलावा आणि वाचकाने प्रतीचे व टपालाचे पैसे भरावेत, असा व्यवहार होता. संपादक या शब्दाला जो अर्थ एरवी असतो तो येथे फारसा लागू पडत नाही, कारण मजकूर निवडणे, कापणे, सुधारणे ही कामे मुळातच अपेक्षित नव्हती. मुदतीत आलेले आणि पैसे भरलेले पत्रक अंकात जाई. त्यामुळे अंकाची जाडी लेखकांच्या उत्साहावर ठरे आणि पहिल्या काही वर्षांतच ती शंभर पानांच्या पुढे गेली. प्रत्येक लेखकाच्या पत्रकाला, ज्याला झाइन म्हणतात, स्वतःचे शीर्षक असे, आणि त्याचा एक मोठा भाग मागील अंकातील इतर लेखकांना नावानिशी दिलेल्या उत्तरांनी व्यापलेला असे. एखाद्याने मांडलेल्या मुद्द्याला पुढच्या महिन्यात पाच-सहा जणांची उत्तरे येत आणि त्यांचा प्रतिवाद आणखी एका महिन्याने वाचायला मिळे. ही सक्तीची संथ गती चर्चेला उपकारक ठरली, कारण प्रत्येकाला आपले म्हणणे नीट जुळवायला, आणि दरम्यान ते आपल्या खेळात प्रत्यक्ष पारखून पाहायला, अवधी मिळत असे.

मजकुरात सर्वाधिक जागा मोहिमांच्या वृत्तान्तांना मिळे. कोणत्या पात्रांनी कोणत्या तळघरात प्रवेश केला, कोठे फसले, कोण मेले, किती सोने हाती लागले, याची ही तपशीलवार कथने आज वाचताना पुष्कळदा कंटाळवाणी वाटतात, आणि तशी तक्रार त्या काळच्या वाचकांनीही केली होती. तरीही १९७० च्या दशकात हा खेळ टेबलावर प्रत्यक्षात कसा चाले, याचा इतका थेट पुरावा देणारी साधने थोडीच आहेत. वृत्तान्तांच्या जोडीला नवे राक्षस, नवे मंत्र, पात्रांचे नवे वर्ग आणि पर्यायी नियम यांची रेलचेल असे. जादूगाराने मंत्र आधी पाठ करून ठेवावा व वापरताच तो विसरावा, हा मूळ नियम अनेकांना पटत नसे. त्याऐवजी जादूगाराकडे शक्तीचे ठरावीक गुण असावेत आणि प्रत्येक मंत्रागणिक ते खर्ची पडावेत, अशी योजना त्यांनी पुढे केली व तिच्या बाजूने आणि विरुद्ध प्रदीर्घ वाद झाले.

मासिकाचे खरे मोल मात्र नियमांच्या पलीकडे गेलेल्या वादांत आहे. खेळाडूला जे ठाऊक आहे पण त्याच्या पात्राला ठाऊक असणे शक्य नाही, त्या माहितीचा उपयोग करावा काय? एखादे चांगले रंगलेले पात्र एका वाईट फाशाने मरत असेल तर सूत्रधाराने फासा झाकून निकाल बदलावा, की जोखीम खरी राहावी म्हणून त्या मृत्यूला मान द्यावा? खेळाडूंना नियम माहीत असावेत की ते सूत्रधारापुरतेच राहावेत? एका सूत्रधाराच्या जगात श्रीमंत व बलाढ्य झालेले पात्र दुसऱ्याच्या जगात तसेच्या तसे न्यावे काय? हा शेवटचा प्रश्न कॅलिफोर्नियात विशेष निकडीचा होता, कारण तेथे पात्रे घेऊन टेबलाटेबलांवर हिंडण्याची प्रथा होती. या प्रश्नांना विद्यापीठीय परिभाषा नव्हती आणि ते मांडणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तसा आवही नव्हता, परंतु खेळ, नाट्य आणि कथा यांच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या एका नव्या कलाप्रकाराचे सौंदर्यशास्त्र येथे रचले जात होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मूळ खेळाचे कर्ते गायगॅक्स यांचे या मासिकाशी असलेले संबंध बदलत गेले. जुलै १९७५ च्या दुसऱ्याच अंकात त्यांचे पत्र आले. त्यात त्यांनी निरनिराळ्या गटांनी खेळ निरनिराळ्या प्रकारे खेळावा यालाच अनुकूलता दाखवली आणि सर्वांचे एकमत झाले तर खेळ नीरस होईल असे मत दिले. तीन वर्षांनंतर, खेळाचा व्यवसाय वाढलेला असताना, द ड्रॅगन या आपल्या संस्थेच्या नियतकालिकातील एका लेखात (१९७८) त्यांनी अशा हौशी गठ्ठापत्रांवर व त्यांतून फैलावणाऱ्या पर्यायी नियमांवर कडक टीका केली. या दोन भूमिकांमधील अंतर व्यक्तिगत विसंगती म्हणून पाहण्यापेक्षा एका छंदाचे उद्योगात रूपांतर होताना पडलेला ताण म्हणून पाहणे अधिक न्याय्य ठरेल.

मासिकात लिहिणाऱ्यांपैकी अनेकजण पुढे खेळांचे रचनाकार म्हणून प्रसिद्धीस आले. स्टीव्ह पेरिन यांनी १९७६ साली लढाईच्या क्रमाविषयी सुचवलेली नियमावली चाहत्यांत ‘पेरिन कन्व्हेन्शन्स’ म्हणून रूढ झाली व त्यांचा रूनक्वेस्ट हा खेळ १९७८ साली निघाला, ज्यात पात्रांची प्रगती ठरावीक वर्गांऐवजी वैयक्तिक कौशल्यांच्या आधारे मोजली जाते. डेव्हिड हारग्रेव्ह यांचे अर्डुइन ग्रिमॉयर (१९७७) आणि एड सिम्बलिस्ट यांनी विल्फ बॅकहाउस यांच्यासह रचलेला चिव्हलरी अँड सॉर्सरी (१९७७) ही आणखी दोन उदाहरणे होत. पूर्व किनाऱ्यावर बॉस्टन परिसरातील मंडळींनी १९७६ पासून द वाइल्ड हंट हे त्याच धर्तीचे गठ्ठापत्र चालवले, आणि त्यातील एक प्रमुख लेखक ग्लेन ब्लॅको यांनी १९८० साली खेळण्याच्या प्रवृत्तींची भूमिका वठवणे, कथा घडवणे, सामर्थ्य कमावणे आणि युद्धकौशल्य पणाला लावणे अशी चौपदरी विभागणी मांडली, जी नंतरच्या बहुतेक वर्गीकरणांच्या मुळाशी आहे. पुढच्या पिढीत जोनाथन ट्वीट, मार्क राइन-हेगन आणि रॉबिन लॉज यांनी येथे लेखन केले. यांपैकी ट्वीट यांच्याकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीच्या रचनेचे प्रमुखपद आले, म्हणजे ज्या खेळाच्या उणिवांतून हे मासिक उगवले त्याच खेळाची फेरमांडणी त्याच्या एका लेखकाच्या हातून झाली.

हौशी नियतकालिकासाठीचा पुरस्कार या मासिकाला १९८४ साली आणि पुन्हा १९९९, २००० व २००१ साली ऑरिजिन्स पुरस्कारांत मिळाला. सायक्लोस्टाइल मागे पडले, छायाप्रती आल्या आणि अखेरच्या काळात अंक संगणकीय स्वरूपात धाडले जाऊ लागले, पण प्रत्येकाने आपले पत्रक लिहावे व इतरांना नावानिशी उत्तर द्यावे ही मूळ रीत टिकली. साधन म्हणून या अंकांच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. लिहिणारा वर्ग मुख्यतः अमेरिकी, शिकलेला आणि लिखाणाची हौस असलेला होता, त्यामुळे जे मुकाट्याने खेळत राहिले त्यांचा, विशेषतः शाळकरी मुलांचा, अनुभव या पानांत फार थोडा उमटला आहे.

इतिहासकार जॉन पीटरसन यांनी प्लेइंग अ‍ॅट द वर्ल्ड (२०१२) व द इल्यूझिव्ह शिफ्ट (२०२०) या ग्रंथांत या अंकांचा विस्तृत वापर केला असून, युद्धखेळापासून भूमिकाखेळ वेगळा कसा झाला या दुसऱ्या ग्रंथातील विवेचनाचा बराचसा आधार हौशी पत्रांतील याच वादांचा आहे.