मागचा ब्रेक हाती आला

मोटारसायकल हे वाहन स्वाराच्या दोन्ही हातांना आणि दोन्ही पायांना एकाच वेळी कामाला जुंपते. उजव्या हाताकडे इंजिनाचा वेग आणि पुढचा ब्रेक, डाव्या हाताकडे क्लच, डाव्या पायाकडे गिअर आणि उजव्या पायाकडे मागचा ब्रेक अशी ही वाटणी आहे. एकदा ती अंगवळणी पडली म्हणजे ती निसर्गानेच नेमून दिली असावी असे वाटू लागते. वस्तुतः ही वाटणी माणसाने केलेली आहे आणि ती सर्वत्र रूढ होऊन फार काळही लोटलेला नाही.

मोटारसायकलचा जन्म सायकलपासून झाला. सायकलस्वाराचे पाय पायंडे मारण्यात गुंतलेले असल्यामुळे ब्रेक मुठीपाशी असणे सोयीचे होते. इंजिन आल्यावर पाय मोकळे झाले आणि मोकळ्या पायांना काही काम द्यावे म्हणून मागच्या चाकाचा ब्रेक त्यांच्याकडे गेला. पुढच्या चाकाला ब्रेक असावा की नसावा, याविषयीच कारखानदारांचे दीर्घकाळ एकमत नव्हते. हार्ले-डेव्हिडसनसारख्या नामांकित अमेरिकन कंपनीने आपल्या गाड्यांना पुढचा ब्रेक बसविला तो १९२८ साली! तोवर थांबण्याचा सारा भार मागच्या चाकावर होता. तेव्हा पायाच्या जोराचा भरवसा लोकांना वाटला यात नवल नाही.

पण कोणता पाय? इंग्लंडातील बहुतेक कारखान्यांनी गिअर उजव्या पायाकडे दिला आणि ब्रेक डाव्याकडे. इतरत्र याच्या उलट. आपल्याकडील जुन्या स्वारांना हा घोळ ठाऊक आहे. बुलेटचा गिअर उजवीकडे, येझदीचा डावीकडे. येझदीवरून उतरून बुलेटवर बसलेला मनुष्य गडबडीच्या क्षणी ब्रेक समजून गिअर दाबी आणि गाडी थांबण्याऐवजी पुढेच जाई. अमेरिकेच्या मध्यवर्ती शासनाने १ सप्टेंबर १९७४ पासून बनणाऱ्या गाड्यांना एकच मांडणी सक्तीची केली, ती याच भयाने. त्या बाजारपेठेवर जगणाऱ्या इंग्लिश कारखान्यांना आपल्या गाड्यांचा गिअर उजवीकडून डावीकडे न्यावा लागला. अशा रीतीने मागचा ब्रेक उजव्या पायाखाली कायम झाला.

हा नियम सडकेसाठी होता आणि सडकेपुरता तो शहाणपणाचाही होता. परंतु मोटारसायकल सडक सोडून डोंगरात, चिखलात, दगडधोंड्यांत शिरली की त्या मांडणीतील उणिवा उघड्या पडतात. मोटोक्रॉसच्या शर्यतीत वळण घेताना स्वार आतल्या बाजूचा पाय पुढे ताणून जमिनीलगत धरतो. डावे वळण असले तर डावा पाय सुटतो आणि उजवा पाय ब्रेकवर राहू शकतो. उजवे वळण आले की ब्रेकचाच पाय हवेत जातो! म्हणजे एकाच मैदानात, एकाच स्वाराला डाव्या वळणावर दोन ब्रेक मिळतात आणि उजव्या वळणावर एकच. त्यातून आडवाटेच्या स्वाराचे बूट जाड आणि ताठ तळव्याचे असतात. पेडलवर किती भार पडला हे त्यातून नीट कळत नाही. खोल चाकोरीच्या काठावर आपटून पेडल वाकते, त्याच्या सांध्यात चिखल भरतो.

उतारावर आणि चढावर तर हा प्रश्न जिवाशी येतो. तीव्र चढावर गाडी अडली असे समजावे. चढावर वजन मागे सरकलेले असते आणि पुढचे चाक हलके झालेले असते. त्यामुळे पुढचा ब्रेक कितीही आवळला तरी ते चाक जागच्या जागी रुतून न बसता खडीवरून मागे घसरू लागते. गाडीला खरा आधार देऊ शकेल असे चाक मागचेच. पण तोल सावरण्यासाठी स्वाराने उजवा पाय जमिनीवर टेकला असेल, तर त्या चाकाचा ब्रेक दाबणार कोण? शंभर किलोहून अधिक वजनाची गाडी अंगावर घेऊन उताराने मागे घरंगळत जाणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा अनुभविले तो ते विसरत नाही.

या अडचणीवरचा तोडगा सांगायला सोपा आहे: मागचा ब्रेक हातात द्यावा. पण हातांकडे जागा कोठे होती? उजवा हात दोन कामांत गुंतलेला आणि डावा क्लचवर. ही जागा कशी मिळाली, हाच या इतिहासाचा गाभा आहे. ती दोन वाटांनी मिळाली. पहिली वाट एका भयंकर अपघातातून गेली.

मिक डूहान हा ऑस्ट्रेलियन स्वार १९९२ साली ५०० सीसी वर्गाच्या जागतिक स्पर्धेत होंडाकडून धावत होता. मोसमातील पहिल्या चारही शर्यती त्याने जिंकल्या होत्या. जूनमध्ये हॉलंडमधील आसेन येथे सरावाच्या वेळी तो पडला आणि त्याचा उजवा पाय मोडला. शस्त्रक्रियेनंतर रक्तपुरवठा बिघडला आणि पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. तेव्हा शर्यतीच्या वर्तुळातील सुप्रसिद्ध इटालियन डॉक्टर क्लाउडिओ कोस्टा यांनी त्याला इटलीत हलविले आणि धडधाकट डाव्या पायाचे रक्त उजव्याला मिळावे म्हणून त्याचे दोन्ही पाय काही दिवस एकमेकांना शिवून ठेवले. पाय वाचला. मोसम संपण्यापूर्वी, ज्याला धड चालताही येत नव्हते असा हा मनुष्य पुन्हा गाडीवर बसला. अजिंक्यपद मात्र अवघ्या चार गुणांनी अमेरिकेच्या वेन रेनीकडे गेले.

वाचलेला पाय पूर्वीचा राहिला नव्हता. घोटा जवळजवळ हालेनासा झाला होता आणि अशा घोट्याने मागचा ब्रेक हळुवार दाबणे शक्य नव्हते. तेव्हा १९९३ साली त्याच्या गाडीच्या डाव्या मुठीखाली अंगठ्याने दाबायची एक छोटी दांडी बसविण्यात आली. चार बोटे क्लचसाठी, अंगठा मागच्या ब्रेकसाठी! या तडजोडीने डूहानला गाडीवर ठेवले. एवढेच नव्हे, तर १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षे तो जगज्जेता झाला. उजव्या वळणावर गाडी जमिनीला टेकेल इतकी कललेली असताना पायाला पेडल गाठणे धडधाकट स्वारालाही अवघड जाते; अंगठ्याला ती अडचण नव्हती. पुढे ज्यांच्या पायांत काडीचाही दोष नव्हता अशा स्वारांनीही आपल्या गाड्यांना अंगठ्याचा ब्रेक बसवून घेतला. पंगू पायासाठी केलेली सोय धडधाकटांनी उसनी घेतली, असा हा प्रकार होता.

डूहानची कथा वारंवार सांगितली जाते; त्याच्या प्रतिस्पर्ध्याची त्या मानाने कमी. वेन रेनी १९९३ च्या सप्टेंबरात इटलीतील मिसानो येथे पडला आणि छातीखाली कायमचा लुळा झाला. त्याच्यासाठी पेडल हा शब्दच निरर्थक झाला. तथापि २०१९ साली जपानमधील सुझुका येथे सारी नियंत्रणे हाताशी आणलेल्या यामाहावर तो पुन्हा बसला, आणि २०२२ साली इंग्लंडमधील गुडवुड येथे आपल्याच १९९२ च्या गाडीवर. आडवाटेच्या खेळातही असेच एक नाव आहे. अमेरिकेचा मोटोक्रॉस विजेता डग हेन्री २००७ साली पडून कमरेखाली लुळा झाला. पाय आत सुरक्षित राहावेत म्हणून गाडीभोवती पिंजरा बांधून आणि नियंत्रणे हाताकडे घेऊन तो परत मैदानात उतरला. ज्यांचा उजवा पाय अपघाताने वा युद्धाने गेला अशा अनामिक स्वारांची तर गणतीच नाही. त्यांच्या दृष्टीने हातातला मागचा ब्रेक म्हणजे गाडी चालविता येणे किंवा न येणे.

दुसरी वाट क्लचच्या बाजूने आली. डावा हात क्लचपासून सोडविण्याची कल्पना जुनी आहे. होंडाने १९५८ साली आणलेल्या सुपर कबमध्ये क्लचची दांडीच नव्हती; इंजिनाचा वेग वाढला की भिरभिरणाऱ्या वजनांच्या जोराने क्लच आपोआप पकड घेई. उपाहारगृहातून शेवयांची ताटे पोचविणाऱ्या पोऱ्याला एका हाताने गाडी चालविता यावी म्हणून हे केले, असे सांगतात. आपल्या पुण्यात १९७२ साली निघालेली लूना तर दोन्ही ब्रेक हातात घेऊनच जन्मली, कारण तिच्या स्वाराचे पाय सायकलप्रमाणेच पायंड्यांवर असत. म्हणजे शाळा-कचेऱ्यांना लूनावरून जाणाऱ्या लक्षावधी लोकांना मागचा ब्रेक हाताने लावण्यात कधी काही विशेष वाटले नव्हते! पाश्चात्त्य शर्यतपटूंना जे नवल वाटले ते सदाशिव पेठेत रोजचे होते.

आडवाटेच्या दणकट गाड्यांना असा आपोआप चालणारा क्लच बसविण्याचा उद्योग अमेरिकेतील आयडाहो राज्यात २००२ साली निघालेल्या रेक्लूज या कंपनीने नावारूपास आणला. इंजिन मंदावले की क्लच सुटतो, त्यामुळे मागचे चाक ब्रेकने अडकले तरी इंजिन बंद पडत नाही. स्वारांना हे फार मानवले. पण यातून एक नवाच पेच उभा राहिला. साध्या क्लचच्या गाडीत इंजिन बंद पडले आणि गाडी गिअरमध्ये असली, तर इंजिनच मागच्या चाकाला धरून ठेवते. चढावर अडलेला स्वार याच आधारावर दम घेतो. स्वयंचलित क्लचमध्ये हा आधार नाहीसा होतो. इंजिन थांबताक्षणी चाक मोकळे होते आणि गाडी उताराने निघते. म्हणजे या क्लचने डावा हात मोकळा केला आणि त्या मोकळ्या हातात मागचा ब्रेक देणे त्याच क्लचने आवश्यकही केले. डाव्या मुठीवरचा ब्रेक आणि स्वयंचलित क्लच यांची जोडी जमली ती अशी.

हा बदल करणाऱ्या मिस्त्रीचे काम वाटते तितके सोपे नाही. मागच्या ब्रेकला तबकडी आणि ब्रेक ऑइल असेल तर हातापासून चाकापर्यंत बळ नेण्यास एक नळी पुरते. पण पायातले पेडलही राखावयाचे असेल तर दोन मास्टर सिलिंडर एकाच कॅलिपरला जोडावे लागतात. एक युक्ती अशी की, हाताच्या सिलिंडरची नळी पायाच्या सिलिंडरच्या तेल येण्याच्या तोंडाला जोडावयाची. पेडल मोकळे असताना तेथील बारीक छिद्र उघडे असते, त्यातून हाताचा दाब सरळ चाकाकडे जातो. पेडल दाबले की ते छिद्र बंद होते आणि पाय आपले काम करतो. येथे सारी मदार त्या छिद्रावर आहे. पेडल किंचितही दाबलेले राहिले तर छिद्र मिटते आणि हाताची दांडी आवळूनही ब्रेक लागत नाही. म्हणून पेडलची मोकळी चाल तपासल्यावाचून जाणता मिस्त्री गाडी सोडीत नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दांडी स्पंजासारखी दबते आणि चाक फिरतच राहते.

अंगठ्याच्या दांडीचे गणित आणखी निराळे. पायात जो जोर आहे तो अंगठ्यात नाही. त्याला उपाय म्हणजे दट्ट्या लहान घेणे. १२.७ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याऐवजी १० मिलिमीटरचा घेतला तर तेवढ्याच जोराने सुमारे १.६ पट दाब निर्माण होतो. परंतु तेवढेच तेल ढकलण्यासाठी दट्ट्याला १.६ पट अंतरही चालावे लागते, आणि अंगठा किती वळू शकतो याला मर्यादा आहे. या ओढाताणीत प्रत्येक स्वाराचा मध्यबिंदू वेगळा ठरतो. जुन्या ड्रमच्या ब्रेकला तार लावून हाच उद्योग करणारेही आहेत. तार स्वस्त आणि दुरुस्तीस सोपी खरी, पण ताणते आणि गंजते.

यंत्रापेक्षा अवघड आहे ती सवय मोडणे. वर्षानुवर्षे डाव्या हाताने धोक्याच्या क्षणी दांडी झटक्याने संपूर्ण आवळली आहे, कारण ती क्लचची होती. त्याच जागी ब्रेक आला की तोच झटका मागच्या चाकाला जागच्या जागी अडकवितो आणि गाडी आडवी होते. बुलेट आणि येझदी यांच्यातला जुना घोळ येथे पायाऐवजी हातात उतरला, एवढाच फरक! म्हणून काही स्वार डाव्या मुठीवर दोन दांड्या ठेवतात, एक क्लचची आणि तिच्याजवळ एक ब्रेकची. काही पेडल ठेवतात आणि हाताचा ब्रेक केवळ कड्याकपारींसाठी राखून ठेवतात. रोज सडकेवर एक गाडी आणि रविवारी डोंगरात दुसरी चालविणाऱ्याने हा बदल विचारपूर्वक करावा हे बरे.

कायद्यानेही मधल्या काळात थोडी पावले टाकली. क्लचची दांडी नसलेल्या स्कूटरला मागचा ब्रेक डाव्या मुठीवर ठेवण्याची मुभा अमेरिकन नियमाने २००५ साली दिली. पाठोपाठ विजेच्या गाड्या आल्या. त्यांना क्लच नाही, बहुतेकांना गिअरही नाहीत. डावा हात आणि डावा पाय दोन्ही बेकार! ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीने आपल्या विजेच्या फ्रीराइडवर मागचा ब्रेक डाव्या मुठीलाच दिला. २०२१ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या स्टार्क वार्ग या विजेच्या मोटोक्रॉस गाडीची मागणी नोंदविताना तर गिऱ्हाइकाला मागचा ब्रेक पायाचा हवा की हाताचा, हे विचारले जाऊ लागले. डूहानच्या मिस्त्रींनी एका माणसाच्या मोडक्या घोट्यासाठी जी दांडी बसविली, तिच्यासारखी दांडी आता कारखान्यातूनच निघते, आणि ती मागणाऱ्याला कोणी कारण विचारीत नाही.