गुप्त ख्रिस्ती, जपानमधील
जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १८७३ पर्यंत, आपली श्रद्धा गुप्तपणे जतन करणारा समाज. जपानी भाषेत त्यास ‘काकुरे किरिशितान’ असे म्हणतात. ख्रिस्ती धर्मेतिहासात छळाचे वर्णन करताना प्रामुख्याने हुतात्म्यांचा निर्देश होतो. तथापि नव्या करारात ‘धीर’ या अर्थी येणारा ‘हुपोमोने’ हा ग्रीक शब्द ‘भाराखाली टिकून राहणे’ असे सुचवितो. या अर्थी धीर म्हणजे काय, हे जपानमधील या शेतकरी व कोळी समाजाच्या इतिहासावरून दिसून येते.

जपानमधील ख्रिस्ती धर्मप्रसाराचा आरंभ गोव्याशी निगडित आहे. आंजिरो या जपानी गृहस्थाला १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा देण्यात आला. पुढील वर्षी त्याच्यासह गोव्याहून निघालेला जेझुइट धर्मगुरू सेंट फ्रान्सिस झेव्हिअर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा येथे पोहोचला. क्यूशू बेटावरील काही सरंजामदारांनी हा धर्म स्वीकारला व नागासाकी हे बंदर त्याचे केंद्र बनले. परंतु मिशनऱ्यांच्या मागोमाग परकीय सत्ता येईल, अशी धास्ती राज्यकर्त्यांना वाटू लागली. तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. पुढे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथील निशिझाका टेकडीवर २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत वसई येथे जन्मलेला फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया हा होता. या सर्वांना १८६२ मध्ये संतपद देण्यात आले.

तोकुगावा शोगुनांनी १६१४ मध्ये देशभर बंदी जारी केली. जबर करआकारणी व धार्मिक छळ यांमुळे शिमाबारा-आमाकुसा भागात १६३७-३८ मध्ये उठाव झाला; तो निर्दयपणे मोडून काढण्यात आला आणि बंदी अधिकच कडक झाली. देहदंडाने हुतात्मे निर्माण होतात व त्यांच्यामुळे इतरांची श्रद्धा बळावते, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानी आले होते. त्यामुळे मारण्यापेक्षा धर्मत्याग करविण्यावर त्यांनी भर दिला. माणसाला खड्ड्यात उलटे टांगून ठेवणे हा त्यांचा एक प्रकार. १६३३ मध्ये क्रिस्तोव्हाँ फेरेइरा या ज्येष्ठ जेझुइटाने या यातनांपुढे हार मानली. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नोंद करावी लागे, खबऱ्यांना बक्षिसे मिळत आणि नागासाकी परिसरात ख्रिस्ताची वा मेरीची प्रतिमा पायाने तुडविण्याची परीक्षा (फुमिए) दरवर्षी द्यावी लागे. १६४४ मध्ये देशातील अखेरचा ज्ञात धर्मगुरू मारला गेला. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ या लोकांना मिस्सा वा पापनिवेदन यांपैकी काहीही लाभले नाही.

उराकामीसारख्या गावांत धर्मगुरूंची कामे सामान्य गृहस्थांनीच वाटून घेतली. सणवारांची दिनदर्शिका सांभाळणारा प्रमुख (चोकाता), बाप्तिस्मा देणारा (मिझुकाता) व वस्तीवस्तीत निरोप पोहोचविणारा (किकियाकू) अशी पदे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. ‘ओराशो’ या प्रार्थना मुखोद्गत केल्या जात. लॅटिन शब्दांचा अर्थ विसरला गेला, तरी त्यांचा नाद टिकला. कानोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीपुढे मेरीची आराधना होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस सोतोमे भागातील पुष्कळ कुटुंबे गोतो बेटांवर जाऊन वसली.

प्रतिमा तुडविणे हा मात्र या समाजाचा कायमचा सल होता. ती न तुडविल्यास सारे गाव संकटात येई. तुडविल्यास सदसद्‌विवेकबुद्धी टोचत राही. १६०३ च्या सुमाराच्या एका जपानी पुस्तिकेत धर्मगुरू नसतानाही पूर्ण पश्चात्तापाने क्षमा मिळू शकते, अशी शिकवण होती. तीतील प्रार्थना या समाजाने जपून ठेवली. वर्षानुवर्षे बाह्यतः धर्म नाकारणे आणि घरी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणणे, हेच त्याचे जीवन झाले.

बंदरे परकीयांस खुली झाल्यावर नागासाकी येथे ओउरा चर्च उभारण्यात आले. ते १५९७ च्या २६ हुतात्म्यांना अर्पण केलेले होते. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही लोक तेथे आले. त्यांतील एका स्त्रीने आपलीही श्रद्धा तीच असल्याचे बर्नार पेतीझाँ या फ्रेंच धर्मगुरूला हळूच सांगितले व मेरीची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. यानंतर उघडपणे वागू लागलेल्या उराकामीवासीयांचा पुन्हा छळ झाला. १८६७ मध्ये अटकसत्र सुरू झाले. नव्या मेजी शासनाने १८६८ व १८७० मध्ये सु. ३,४०० लोकांना निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार केले. त्यांपैकी सहाशेहून अधिक मृत्यू पावले. हद्दपार झालेले लोक या काळास ‘प्रवास’ म्हणत. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या दडपणामुळे १८७३ मध्ये बंदीचे फलक काढण्यात आले. परतलेल्यांनी पुढे, जेथे प्रतिमा तुडवावी लागे त्या गावप्रमुखाच्या वाड्याची जागा विकत घेऊन तेथे कॅथीड्रल बांधले. ते ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँबने उद्ध्वस्त झाले व १९५९ मध्ये पुन्हा उभे राहिले.

सर्वच गुप्त ख्रिस्ती रोमन कॅथलिक चर्चमध्ये परतले नाहीत. इकित्सुकी बेट व अन्य काही ठिकाणी अनेकांनी, पूर्वजांनी जिवावर उदार होऊन राखलेले विधीच चालू ठेवले. या समाजाशी संबंधित १२ स्थळांचा युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला. छळापुढे नमलेल्यांच्या श्रद्धेचा प्रश्न एंदो शुसाकू यांच्या चिन्मोकु (१९६६, म. शी. ‘मौन’) या कादंबरीने जगापुढे मांडला. निशिझाका येथील हुतात्म्यांच्या निष्ठेविषयी चर्चने निःसंदिग्ध निर्णय दिला. प्रतिमा तुडविणाऱ्यांविषयी तसा देणे कठीण आहे. तथापि १८६५ मध्ये ओउरा चर्चच्या दारी आलेले लोक त्यांचेच वंशज होते, ही गोष्ट धीराचा विचार करताना दृष्टिआड करता येत नाही.