कार्ड ओरडते, गुन्हा एसएमपीएसचा

गेल्या महिन्यात सोलापूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "भाईजान, याच्या कम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड गेलं म्हणतायत. जुनं कार्ड घेऊन वर अठरा हजार मागतायत. देऊ का?" भाचा दिवसा लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो, रात्री गेम खेळतो. दोन्ही एकाच यंत्रावर. पैसे मात्र बहिणीच्या शिलाई मशीनमधून येतात. मी म्हणालो, थांब, रविवारी येतो.

इतिहासावर लिहू लागण्याआधी मी पाच-सहा वर्षे एका कम्प्युटरच्या दुकानात असेंब्लीचे काम करत होतो. इथल्या नेहमीच्या वाचकांना हे ठाऊक नसेल. त्यामुळे या वेळचा लेख कागदपत्रांच्या इतिहासाचा नाही, पत्र्याच्या दोन वस्तूंचा आहे. पण तोही इतिहासच आहे. तो माहीत नसला की दुकानदार सांगेल ते खरे मानावे लागते.

भाच्याच्या तक्रारी तीन होत्या. गेमच्या मेनूत गेले की कार्डातून बारीक 'चीं' असा आवाज यायचा. गेम सुरू झाला की पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरायचे. आणि कधी कधी, ऐन खेळात, कुणी वायर ओढल्यासारखे सगळे यंत्र एकदम बंद पडायचे. दुकानदाराने तिन्हींचे एकच गाठोडे बांधले आणि वर चिठ्ठी लावली, 'कार्ड खराब'. मला हे निदान ओळखीचे वाटले, कारण एकेकाळी मीही ते देत असे.

आता थोडे मागे जाऊ.

घरगुती कम्प्युटर सुरुवातीला मुके होते. १९७७ च्या अ‍ॅपल टू मध्ये पंखाच नव्हता. स्टीव्ह जॉब्सला पंख्याचा आवाज नको होता, म्हणून रॉड होल्ट या अभियंत्याने त्यासाठी स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा बनवला. जुन्या पद्धतीत जड ट्रान्सफॉर्मर आणि भरपूर उष्णता असे. नव्या पद्धतीत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून हवी तेवढी करून घेतली जाते, त्यामुळे डबा हलका आणि थंड राहतो. आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो ते हेच. बाकीचे जग त्याला पीएसयू म्हणते, आपल्याकडे मेकॅनिकच्या तोंडी एसएमपीएस बसले ते बसलेच.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याचा पुरवठा होता ६३.५ वॉटचा. आज एखादा साधा बल्बही कधीकाळी याच्याइतका खायचा. पण त्या आकड्याची फोड पाहण्यासारखी आहे. पाच व्होल्टवर ७ अँपिअर, म्हणजे ३५ वॉट. बारा व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे २४ वॉट. उरलेले साडेचार वॉट किरकोळ कामांना. बहुतेक चिप पाच व्होल्टवर चालत, बारा व्होल्ट मुख्यतः फ्लॉपी फिरवणाऱ्या मोटारीसाठी. डब्यावर छापलेला वॉटचा आकडा ही या सगळ्यांची बेरीज. बेरीज मोठी दिसली की माल मोठा, ही समजूत तिथून सुरू झाली आणि पुढची वीस वर्षे ती फारशी चुकीचीही नव्हती.

१९९६ साली ३डीएफएक्सचे व्हूडू कार्ड आले, ज्याच्यामुळे घरच्या कम्प्युटरवरचे गेम खऱ्या अर्थाने त्रिमितीय झाले. त्याच्या चिपवर पंखा नव्हता. पुढच्या तीन-चार वर्षांत पंखे आले, १९९९ च्या जीफोर्स २५६ वर तर ते हमखास. मग कार्डांना मदरबोर्डकडून मिळणारी वीज पुरेना. २००२ च्या रेडिऑन ९७०० प्रोला फ्लॉपीचा छोटा प्लग जोडावा लागे. त्याआधी ३डीएफएक्सने व्हूडू ५ ६००० नावाचे चार चिपांचे कार्ड बनवले होते. त्यासाठी कंपनीने भिंतीत खोचायचा वेगळा अ‍ॅडॅप्टर आखला होता. कार्ड बाजारात आलेच नाही, कंपनीही बुडाली. पण कार्डाची भूक एसएमपीएसच्या पुढे निघाल्याची ती पहिली जाहीर कबुली होती, असे मी मानतो.

आवाजाचा प्रसिद्ध किस्सा २००३ चा. एनव्हिडियाचे जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा. दोन खणांची जागा खाणारे कार्ड, मागून हवा ओढून मागूनच फेकणारा छोटा पण वेगवान पंखा. लोकांनी त्याला केस वाळवायच्या यंत्राची आणि हातातल्या व्हॅक्यूम क्लीनरची उपमा दिली. शेवटी कंपनीनेच स्वतःची थट्टा करणारी फिल्म काढली, तीत ते कार्ड पालापाचोळा उडवायला आणि कॉफी दळायला वापरलेले दाखवले होते. काही महिन्यांतच त्याच्या जागी ५९०० आले. ते कार्ड आमच्या दुकानात कधी आले नाही. आम्ही मासिकात वाचून हसलो होतो, एवढेच.

हसण्यासारखे काही आमच्याकडेही होतेच. तेव्हा एसएमपीएस कॅबिनेटबरोबर 'फ्री' येत असे. गिऱ्हाईक प्रोसेसर विचारी, रॅम विचारी, हार्ड डिस्क किती जीबी ते विचारी. एसएमपीएस कुठला, हे त्या पाच-सहा वर्षांत मला कुणीही विचारले नाही. आम्ही तो हातात घेऊन वजन तोलायचो. जड लागला तर बरा. एवढीच आमची परीक्षा.

त्याच सुमारास एक गृहस्थ यायचे. उर्दू आणि मराठी लग्नपत्रिका जुळवायचे, इनपेजवर त्यांचा हात फार चांगला होता. त्यांच्या पडद्यावर पट्टे उमटायचे आणि यंत्र अडकायचे. मी कार्ड बदलायला सांगितले. त्यांनी हप्त्याने पैसे दिले. अडीच महिन्यांनी तेच पट्टे, पुन्हा नवे कार्ड. तिसऱ्या वेळी मी सहज एसएमपीएस उघडला, तर आत तीन कपॅसिटरची टोके टरारून फुगलेली, एकातून तपकिरी चिकट द्रव बाहेर आलेला. १९९९ पासून पुढची काही वर्षे जगभर कपॅसिटरांची अशी साथच आली होती, आतला रासायनिक द्रव सदोष होता. मदरबोर्ड, मॉनिटर, पुरवठे, सगळीकडे ते फुगत होते. वीज डगमगत होती, पट्टे कार्डावर उमटत होते. मी एसएमपीएस बदलून दिला. पण आधीच्या दोन कार्डांची गरज नव्हती, हे त्या गृहस्थांना सांगितले नाही. मालकांनी सांगू नको म्हटले, मीही हट्ट धरला नाही. पुढे ते भेटले नाहीत.

त्या वर्षांत मानकेही बदलत होती, पण आमच्यासारख्या दुकानांना त्याचा पत्ता उशिरा लागला. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स मानक आणले होते. २००० च्या पेंटियम ४ पासून प्रोसेसर आपली वीज बारा व्होल्टवरून घेऊ लागला. २००३ च्या एटीएक्स१२व्ही २.० मध्ये मुख्य प्लग २० ऐवजी २४ पिनांचा झाला आणि सगळा भार बारा व्होल्टकडे सरकला. मागोमाग पीसीआय एक्सप्रेस आले. त्यात स्लॉटमधून ७५ वॉट, सहा पिनांच्या प्लगमधून आणखी ७५, आठ पिनांच्यातून १५०. जवळजवळ सगळी बारा व्होल्टचीच वीज. म्हणजे जी वाट पूर्वी फ्लॉपीच्या मोटारीसाठी होती, तिच्यावर आता सगळी वाहतूक. स्वस्त डबे मात्र जुन्याच आराखड्याचे निघत राहिले. पाच आणि ३.३ व्होल्टवर भरपूर अँपिअर, बारावर थोडे, आणि बाहेर छापलेली बेरीज तीच, '५०० वॉट'.

२००४ मध्ये ८० प्लस नावाचा शिक्का आला. त्याचा अर्थ इतकाच, की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के आत पोचते, बाकीची उष्णता होते. २००८ पासून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आले. लोक याला दर्जाचा शिक्का समजतात. तो कार्यक्षमतेचा आहे, आणि ती मोजणीही सुमारे २३ अंशांच्या खोलीत होते. सोलापूरच्या मे महिन्यात २३ अंश शोधायला कुठे जायचे ते मला सांगा. तरीही शिक्का असलेला डबा बिनशिक्क्याच्या डब्यापेक्षा बहुधा प्रामाणिक असतो, एवढे म्हणेन.

रविवारी भाच्याच्या टेबलाखाली वाकलो. "मामू, तुम्हाला जमेल ना?" त्याने शंका घेतलीच.

आधी घरघर. कॅबिनेटचे बाजूचे पान काढले तर पाच मिनिटांत आवाज निम्म्यावर आला. म्हणजे पंख्यांचा दोष नव्हता, पुढची शोभेची काच हवा येऊ देत नव्हती. कार्डाच्या पंख्यांमागे धुळीची गोधडी साचली होती आणि चिपवरची पेस्ट वाळून खडू झाली होती. ब्रश, नवी पेस्ट, काचेऐवजी जाळी. संपले.

मग ती 'चीं'. पंख्याचा आवाज आणि हा आवाज वेगळा ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे वहीच्या कागदाची नळी करून कानाला लावायची आणि कार्डावर दुरून फिरवायची. आवाज पंख्यातून नव्हता, विजेच्या प्लगाजवळच्या करड्या ठोकळ्यांतून होता. त्या ठोकळ्यांत तारेची वेटोळी असतात. बारा व्होल्टचे सुमारे एक व्होल्ट करणे हे त्यांचे काम. त्यांची उघडझाप कानाला ऐकू येण्यापलीकडची असते, पण चिपचा भार कमी-जास्त होतो तो ऐकू येणाऱ्या वेगात. मेनूत काढायला काही नसते, म्हणून कार्ड सेकंदाला दोन-तीन हजार चित्रे काढत सुटते, तितक्याच वेळा वेटोळ्यांतला प्रवाह हेलकावतो आणि तार थरथरते. भाच्याला सेटिंगमध्ये चित्रांची मर्यादा ६० करायला लावली. 'चीं' गेली. याला कॉइल व्हाइन म्हणतात. ऐकायला त्रास होतो, पण केवळ त्यासाठी कार्ड निकामी ठरवणे म्हणजे दार करकरते म्हणून घर पाडणे.

उरले एकदम बंद पडणे. इन्व्हर्टरवर माझा संशय होता. जुने इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतात आणि नव्या पद्धतीचे काही एसएमपीएस तिच्यावर रुसतात. पण सरळ भिंतीत लावूनही यंत्र बंद पडलेच. मग एसएमपीएसवरचा कागद वाचला. वर ठळक '५०० वॉट'. खाली बारीक अक्षरांत, बारा व्होल्टवर २२ अँपिअर. बारा गुणिले बावीस, २६४ वॉट. भाच्याचे कार्ड आरटीएक्स ३०७०, त्याचे एकट्याचे २२० वॉट. प्रोसेसरला आणि बाकी सगळ्याला मिळून उरले ४४. शिवाय २०२० नंतरची ही कार्डे क्षणाच्या सूक्ष्म भागापुरती आपल्या आकड्याच्या बरीच वर उसळी मारतात. चांगले एसएमपीएससुद्धा तेव्हा संरक्षणासाठी बंद पडत होते. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात, १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट उसळी सोसण्याची अट आली. याच वर्षी आलेल्या ६०० वॉटच्या नव्या प्लगाची गोष्ट वेगळी. आरटीएक्स ४०९० वर तो नीट आत न बसल्याने वितळल्याच्या तक्रारी आल्या आणि पुढच्या वर्षी त्याची रचना सुधारावी लागली.

भाच्याच्या यंत्रात तर याहून जुनी गंमत होती. त्या डब्याला आठ पिनांचे प्लगच नव्हते. दुकानदाराने हार्ड डिस्कच्या चार पिनांच्या प्लगांना जोड देऊन आठ पिना केल्या होत्या. हे चार पिनांचे प्लग १९८१ च्या आयबीएम पीसीतही होते, फ्लॉपीसाठी. त्यातल्या एकाचे पांढरे प्लास्टिक पिवळसर तपकिरी झाले होते. बहिणीला जवळ बोलावून दाखवले. तिने बोट लावून पाहिले आणि म्हणाली, "हे जळालं असतं की."

७५० वॉटचा एसएमपीएस घेतला. बारा व्होल्टवर ६२ अँपिअर, ७४४ वॉट, म्हणजे जवळजवळ सगळा आकडा जिथे हवा तिथे. कार्डाच्या दोन प्लगांना दोन वेगळ्या केबल. अठरा हजारांच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. त्या संध्याकाळी तीन तास गेम चालला आणि यंत्र बंद पडले नाही. कार्ड तेच.

निघताना बहिणीने विचारले, आवाज गेला का? मी म्हणालो, गेला. भाचा म्हणाला, "नाही मामू, व्हिडिओ रेंडर करताना थोडा येतोय अजून." मी खुर्ची ओढून जवळ बसलो, कागदाची नळी पुन्हा कानाला लावली. पन्नाशीच्या उंबऱ्यावर वरच्या पट्टीचे आवाज कानाला सोडून जातात. मला काही ऐकू आले नाही. त्याला येत होते, म्हणून रेंडरच्या वेळी कार्डाची वीज थोडी खाली बांधायची कशी ते दाखवले आणि शेवटची एसटी पकडली.