नाशिक कट आणि ब्राउनिंग पिस्तूल

१९०९ च्या आरंभी चतुर्भुज अमीन यांनी पेटीच्या दुहेरी तळातून २० ब्राउनिंग पिस्तुले मुंबईत आणली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला तो त्यांपैकीच एका पिस्तुलाने, असे रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात नमूद आहे. इतिहासलेखन बहुधा येथेच थांबते. वस्तुतः अशा शस्त्राचा नाजूक भाग म्हणजे मुठीतील मॅगझिन. त्याची स्प्रिंग मंदावली वा वरच्या कडा वाकल्या की काडतूस नळीच्या तोंडाशी तिरके अडकते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसके निघाल्यास पुन्हा चाप ओढणे पुरते. येथे मात्र दोन्ही हात गुंततात. दोष मॅगझिनचा की पिस्तुलाचा, हे मॅगझिन बदलून कळते. परंतु तपासणीत काडतुसे खर्ची पडतात, आणि चोरून आणलेल्या साठ्याला तीच चैन परवडणारी नव्हती.