हवामानाचे गणित आणि उसनी यंत्रे

गणिताच्या वहीत उत्तर चुकले की मुलाचा हात प्रथम खोडरबराकडे जातो. पायऱ्या पुसू नकोस, चूक त्यांतच सापडेल, हे त्याला पुनःपुन्हा सांगावे लागते. पृथ्वीच्या हवामानाचे गणित मांडणाऱ्या शास्त्रज्ञांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे हा शाळेतला उपदेश किती मोलाचा आहे ते ध्यानात येते.

ह्या इतिहासाचा आरंभच एका चुकलेल्या उत्तराने होतो. लुईस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज गणिती पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या पथकात काम करीत होता. फुरसतीच्या वेळी त्याने 20 मे 1910 ह्या दिवसाच्या नोंदी घेऊन जर्मनीतील एका ठिकाणच्या हवेच्या दाबात सहा तासांत किती फरक पडला असावा, ह्याचे गणित हाताने केले. उत्तर आले 145 मिलिबार वाढ! प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिरच होता. त्याचे हस्तलिखित युद्धाच्या धामधुमीत हरवले आणि पुढे बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. 1922 साली ग्रंथ छापताना रिचर्डसनने ते चुकलेले उत्तर सर्व पायऱ्यांसह छापले. म्हणूनच पुढच्या संशोधकांना दोष शोधता आला. समीकरणे बरोबर होती; आरंभीच्या नोंदींत वारा आणि दाब ह्यांचा मेळ बसत नव्हता, तेथे पाणी मुरत होते.

असे गणित जगभर वेळेवर करायचे तर चौसष्ट हजार माणसे आकडेमोडीला बसवावी लागतील, अशी रिचर्डसनची कल्पना होती. ती माणसे कोठून आणणार? 1950 साली चार्नी, फोन नॉयमान व त्यांचे सहकारी ह्यांनी अमेरिकी सैन्याचे ‘एनिअ‍ॅक’ हे गणकयंत्र काही आठवड्यांपुरते उसने घेतले. चोवीस तासांचे भाकित करण्यास यंत्राला सुमारे चोवीस तासच लागले. तरीही वाट सापडली. 1956 साली नॉर्मन फिलिप्स ह्यांनी संपूर्ण वातावरणाचे अभिसरण यंत्रात चालवून दाखविले. पण सुमारे महिनाभराच्या आभासी हवामानानंतर आकडे बेताल झाले. चित्रपटात गाडीचे चाक कधी उलटे फिरताना दिसते ना, तसाच हा प्रकार होता. विरळ जाळीवर मोजलेल्या लहान लाटा यंत्राला मोठ्या लाटा भासत होत्या. त्याचे कारण फिलिप्स ह्यांनीच 1959 साली उलगडले.

यंत्रे उसनी घेण्याची परंपरा पुढेही चालू राहिली. 2003 साली ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी सामान्य नागरिकांनाच साद घातली: आपला घरचा संगणक रिकामा असेल तेव्हा आमचे गणित त्यावर चालू द्या. 2006 च्या फेब्रुवारीत बीबीसीच्या साहाय्याने ह्याच उपक्रमाचा मोठा प्रयोग सुरू झाला. 1920 पासून 2080 पर्यंतचे हवामान प्रत्येक संगणक आपल्या परीने मोजू लागला. एप्रिलमध्ये ध्यानात आले की आभासी पृथ्वी गरजेपेक्षा जास्त तापत आहे. कारखान्यांच्या धुरातील गंधकाचे कण सूर्यप्रकाश परतवून हवा थोडी थंड ठेवतात. त्या कणांचे प्रमाण पुरविणारी एक फाइल सदोष निघाली. हजारो घरांतील आठवड्यांचे काम वाया जाणार होते. उपक्रमाच्या चालकांनी चूक जाहीर केली आणि सर्वांना पुन्हा 1920 पासून आरंभ करावयास सांगितले. झाकून ठेवली असती तर चूक कदाचित खपलीही असती. पण मग त्या भाकितावर भरवसा कोणी ठेवला असता?

त्याच 2006 साली अ‍ॅमेझॉन कंपनीने दूरच्या इमारतींतील संगणक तासाच्या हिशेबाने भाड्याने देण्यास आरंभ केला. ह्यालाच आज ‘क्लाउड’ म्हणतात. नाव मेघाचे, पण वस्तू जमिनीवरची! ज्या विद्यापीठापाशी स्वतःचे महासंगणक नाही, त्याच्या विद्यार्थ्यालाही आता हवामानाचे प्रतिमान चालविता येते. मात्र भाड्याच्या घराचे नियम येथेही लागू आहेत. स्वस्त दराचे यंत्र मालक अल्पशा सूचनेने काढून घेतो. म्हणून गणिताची स्थिती ठराविक अंतराने जतन करावी लागते, म्हणजे काम तेथूनच पुढे चालविता येते. यंत्रायंत्रांतील संदेशवहन मंद असेल तर यंत्रे वाढवूनही वेग वाढत नाही. निष्पन्न आकडे आपल्याकडे आणण्याचेही वेगळे भाडे पडते. आकडे एकाएकी फुगू लागले तर काळाची पायरी लहान करून पाहावी. एका पायरीत वारा जाळीचा चौकोन ओलांडून गेला तर गणित कोसळते, हे कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी ह्यांनी 1928 सालीच दाखविले होते. शिवाय यंत्र बदलले की शेवटच्या दशांशात फरक पडतो आणि दिवसाचे हवामान वेगळे निघते. म्हणून नव्या यंत्रावर आधी जुनेच गणित करून दीर्घकाळाच्या सरासरी जुळतात की नाही, हे पाहिले जाते.

ही चिकित्सा केवळ पंडितांची हौस नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 2018 साली ‘प्रत्युष’ हा महासंगणक बसविण्यात आला, तो मोसमी पावसाचे गणित अधिक बारकाईने करता यावे म्हणून. अशाच गणितांच्या आधारे धरणांचे, पिकांचे, किनाऱ्यावरील वस्त्यांचे निर्णय घेतले जातात. यंत्र स्वतःचे असो वा भाड्याचे, ते वेग देते. प्रामाणिकपणा माणसाने पुरवायचा असतो. रिचर्डसनने चुकलेले उत्तर पुसले नाही, म्हणून आज बरोबर उत्तराच्या जवळ जाता येते. वहीतल्या पायऱ्या जपून ठेवणाऱ्या मुलाला हे अवश्य सांगावे.